वरचा चेंडू खरा

ह्यूल्सबेर्गमध्ये कुणालाही विचारा, तुमच्या गावचा गोलकीपर कोण, तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल, फोल्कर सोबोटा. स्टेडियमच्या मागच्या रस्त्याला त्याचं नाव दिलंय. क्लबच्या बिअर हॉलमध्ये त्याचा फोटो आहे, आणि खाली टेबल मिळावं म्हणून लोक ताटकळत उभे राहतात. मी दुसरा. म्हणजे कागदावर तसंच लिहिलेलं असायचं, दुसरा गोलकीपर, ओटमार ग्राबिट्स. सात हंगाम मी बाकावर बसून काढले. पाठीला कुबड यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

दुसरा गोलकीपर ही काय चीज असते ते हल्लीच्या लोकांना कळत नाही. फॉरवर्ड दमला की बदलतात, बॅक चुकला की बदलतात. गोलकीपर कुणी बदलत नाही. तो मोडला तरच बदलतात. म्हणजे मला खेळायचं तर माझ्या सगळ्यांत जवळच्या माणसाचं काहीतरी मोडायला हवं. असं मी मनात आणलं का? आणलं. दर शनिवारी आणलं. खोटं कशाला बोलू?

आणि जवळचा म्हणजे खरंच जवळचा. तेव्हा, चौऱ्याऐंशी साली, आमच्यासारख्या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबात गोलकीपरांना वेगळा कोच नसायचा. बाकीचे पंधरा-सोळा जण कोच डालहाउसच्या शिट्टीवर पळत, आणि आम्ही दोघं चेंडूंची गोणी घेऊन पलीकडच्या गोलकडे जायचो. मी मारायचो, तो पकडायचा. मग तो मारायचा, मी पकडायचो. सात वर्षं. त्याची बायको रोझविता म्हणायची, याचं माझ्याशी लग्न झालंय की तुझ्याशी, एकदाचं ठरवा. रात्री झोप नीट लागली नसेल तर ते त्याच्या पहिल्या पाच चेंडूंतच मला कळायचं.

आमचे बाबा एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत खाली होते. वर आले ते छातीत धूळ घेऊन. पंधरा पावलं चालले की थांबायचे, टोपी काढून पुसायचे, म्हणजे लोकांना वाटावं माणूस टोपीसाठी थांबलाय. पण घरची एक मॅच चुकवली नाही. गोलच्या मागे बसले असते तर गोलकीपरचा खेळ तरी जवळून दिसला असता. ते बरोबर बाकाच्या समोर बसायचे, मैदानाच्या पलीकडे. थर्मासमधली कॉफी पीत माझ्याकडे बघायचे. मी बसलेला, ते बसलेले. मला एकदा तरी गोलमध्ये उभा बघायचा होता त्यांना. तसं कधी बोलले नाहीत. आमच्याकडे बोलत नाहीत, पुढच्या शनिवारी पुन्हा येतात.

तर फेब्रुवारी. मैदान दगडासारखं गोठलेलं. सत्तराव्या मिनिटाला बाजूने उंच क्रॉस आला, तो पकडायला फोल्कर गोल सोडून बाहेर आला आणि समोरच्या फॉरवर्डचा गुडघा त्याच्या डाव्या कानशिलावर बसला. तो आवाज बाकापर्यंत आला. फोल्कर पडला. मी जाकीट काढलं, हातमोजे चढवले. डॉक्टरने ओला स्पंज फिरवला, नाकाखाली काहीतरी धरलं, आणि फोल्कर उठला. हात वर केला, मी ठीक आहे. चौदा हजार लोक उभे राहून त्याचं नाव गायला लागले. मी जाकीट पुन्हा घातलं.

आमच्या गावाला हे एक दुखणंच आहे म्हणा ना. गोलकीपर बाहेर जात नाही. पन्नास साली कुणीतरी गळपट्टीचं हाड मोडलेलं असताना उरलेली अर्धी मॅच खेळला होता, त्याचा फोटो बिअर हॉलमध्ये बारच्या वर लावलाय. आम्ही लहानाचे मोठे झालो ते त्या फोटोखाली. मॅच संपल्यावर, शॉवरमध्ये, फोल्करने मला विचारलं की दुसऱ्या हाफला कुठल्या बाजूने खेळायचंय. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यापासून तो मान तिरकी धरायला लागला. उजव्या खांद्याकडे कललेली, जरा मिजाशीत असल्यासारखी. लोकांना वाटलं, स्टाईल. शाळेतली पोरं मान वाकडी करून गोलमध्ये उभी राहायला लागली, एका न्हाव्याने म्हणे तसा फोटो दुकानात लावला. मला मात्र पहिल्याच सोमवारी वेगळं दिसलं. उंच चेंडू तो पूर्वीसारखेच पकडत होता, किंबहुना जास्तच चांगले. पण उजवीकडचा, जमिनीलगतचा, अगदी आजीने ढकलावा तसा साधा चेंडू त्याच्या हाताखालून जायचा. एकदा गेला, मी चेष्टा केली. चारदा गेला तेव्हा मी मारायचं थांबवलं.

तो गोलच्या खांबाला टेकून बसला आणि मला जवळ बोलावलं.

"ओट्या, मला दोन दिसतात."

"दोन काय?"

"चेंडू. एकावर एक. वरचा खरा, खालचा खोटा. खाली बघितलं की जास्तच. आता जमतंय मला, वरचा धरायचा."

मला आधी वाटलं थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा बघितला. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तो म्हणाला, जाणार, नक्की जाणार, पण एप्रिलचा दुसरा शनिवार होऊ दे. त्या शनिवारी राष्ट्रीय संघाचा माणूस त्याला बघायला येणार होता. फोल्कर एकोणतीस वर्षांचा. असा माणूस आमच्या गावात याआधी कधी आला नव्हता, आणि पुन्हा कशाला येतोय? पाच आठवडे, म्हणाला. मॅचआधीच्या सरावात तू मला फक्त उंच चेंडू दे, डावीकडे दे. बाकी कुणी आपल्याकडे बघतच नाही.

मी हो म्हटलं. मित्र म्हणून म्हटलं, असं सांगायला मला आवडेल. पण खरी गोष्ट अशी की हे माहीत असलेला जगात मी एकटा, आणि ते सांगितल्यावर ज्याचा फायदा होणार तोही मी एकटाच. तोंड उघडलं तर लोक काय म्हणणार ते मला आत्ताच ऐकू येत होतं. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं, आणि बसायची मला सवय होतीच.

आमच्या कपडे बदलायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. तिथून मैदानावर उतरायला तेरा पायऱ्या, काँक्रीटच्या, कडा झिजलेल्या. खाली बघितलं की त्याला दोन-दोन पायऱ्या दिसायच्या. पहिल्या शनिवारी तो वरच थांबला आणि हळूच म्हणाला, पुढे हो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही उतरलो. मग दर मॅचला तसंच. लोकांनी तर डोक्यावरच घेतलं! दोन गोलकीपर, एकाच जागेसाठी झुरणारे, आणि बघा कसे भावासारखे उतरतात. पेपरवाल्याने फोटो छापला. सात वर्षांत माझा छापून आलेला पहिला फोटो तो. मी कात्रण कापून पाकिटात ठेवलं होतं, इतका मी गाढव.

बाबांनी तो फोटो स्वयंपाकघरात चष्मा लावून बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील.

"हा तुझ्या खांद्यावर हात ठेवत नाहीये," ते म्हणाले. "हा तुला धरून चाललाय. दिवा विझलेला माणूस खाली असाच चालतो."

मी ब्रेडवर लोणी लावत राहिलो. बाबांनी पेपर घडी करून ठेवला. मग श्वास घेत घेत, मधे मधे थांबत, त्यांनी मला खाणीतलं सांगितलं. वरचा भार धरायला लाकडी टेकू असायचे, लोखंडाचे नाही, कारण लाकूड मोडायच्या आधी करकरतं. जो ते आधी ऐकतो तो ओरडतो. मग सगळे पळतात. त्याला कुणी नंतर विचारत नाही की तुला घरी लवकर जायचं होतं का. मी म्हटलं, बाबा, इथे विचारतात. ते म्हणाले, विचारू देत.

तरी मी अजून आठ दिवस काढले. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी बाहेरगावी मॅच होती. दुसऱ्या हाफमध्ये उजवीकडून एक जमिनीलगतचा चेंडू आला. फोल्करने झेप टाकली ती खोट्यावर. चेंडू त्याच्या कोपराला लागून उडाला, फॉरवर्डचा बूट त्याच्या कानशिलाजवळून गेला, त्याच डाव्या. केसांना लागून गेला असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय धाडस. आमच्या बाकावरचा मसाजवाला माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, बघ, याला म्हणतात गोलकीपर. परत येताना बसमध्ये फोल्कर माझ्या शेजारी झोपला, मान वाकडी करून, आणि मी शपथेवर सांगतो, तासभर मी फक्त तो श्वास घेतोय ना एवढंच बघत होतो.

मंगळवारी सकाळी मी कोच डालहाउसच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दोन चेंडू, पायऱ्या, सराव, सगळं. डालहाउस बुटका माणूस, न पेटवलेली सिगार चघळत बसायचा. माझं संपल्यावर त्याने सिगार टेबलावर ठेवली.

"सात वर्षं लागली तुला हे सुचायला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्या तिरीमिरीत मी ते बोललो, जे मी घरून ठरवून आलो नव्हतो. मी म्हटलं, मी खेळणार नाही. फोल्करच्या जागी एक मिनिटसुद्धा नाही. राखीव संघातल्या लोथारला उभं करा. आता तरी खरं वाटेल?

लोथार वीनेके म्हणजे आमच्या गल्लीचा पोस्टमन. चौतीस वर्षांचा, टक्कल पडलेला, हात गुडघ्यापर्यंत. रविवारी सकाळी राखीव संघात खेळायचा आणि त्यानंतर बिअर हॉलमध्ये त्याहून जास्त खेळायचा. डालहाउसने सिगार खिशात टाकली. मग उठला, मला पायऱ्यांच्या खाली नेऊन उभं केलं, स्वतः माझ्या बाजूला उभा राहिला आणि वर हाक मारली.

"फोल्कर! जरा खाली ये. एकटाच ये."

फोल्कर वरच्या पायरीवर आला. मला खाली बघितलं, कोचला बघितलं, आणि त्याला कळलं. तरी प्रयत्न केला त्याने. मान वाकडी केली, पाय पुढे टाकला, हवेत चाचपडत, बर्फावरून जाणाऱ्या म्हातारीसारखा. एक पायरी. दोन. भिंतीला हात लावायचा नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. पाचव्या पायरीवर त्याचा पाय खोट्या कडेवर पडला. तो घसरला नाही, खालीच बसला. तिथे बसून दोन्ही हातांत डोकं धरलं.

"माझी जागा हवी होती तर मागायची होतीस रे, ओट्या," तो म्हणाला.

"तो नाही खेळत," डालहाउस म्हणाला. "पोस्टमन खेळतोय."

फोल्करने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याला मी दोन दिसत असणार. दोघांपैकी कुठल्याशी बोलावं ते न कळल्यासारखा तो गप्पच राहिला. आणि मग अकरा महिने माझ्याशी बोलला नाही.

इस्पितळात त्यांना कळलं की डोळा फिरवणारी एक बारीक नस दुखावलीय, ती आपोआप भरून येईल. पण तपासताना कवटीच्या आत साकळलेलं रक्तही सापडलं. ते दुसऱ्याच दिवशी काढलं. अजून एक गुडघा बसला असता तर, असं म्हणून डॉक्टरने वाक्य अर्धवट सोडलं. हे मला रोझविताने सांगितलं, दारात उभं राहून, आत न घेता. तिने आभार मानले नाहीत आणि शिव्याही दिल्या नाहीत. फक्त म्हणाली की तो तुझं नाव घेऊ देत नाही, तेव्हा पुन्हा येऊ नकोस.

शनिवार आला, तोच एप्रिलचा दुसरा. राष्ट्रीय संघाचा माणूस अर्थातच आला नाही. लोथार सकाळचं टपाल वाटून सायकलवरून थेट स्टेडियमला आला, पिशवी कपाटात ठेवली, आणि दुसरी डिव्हिजन कुठे आणि आपण कुठे हे विसरून असा काही खेळला की बोलायची सोय नाही. पेनल्टी अडवली मेल्याने. आम्ही एक-शून्यने जिंकलो. लोक ओरडत होते, टपाल आलं, टपाल आलं.

मी बाकावर बसलो होतो. समोर बाबा. त्या दिवशी त्यांनी थर्मास उघडला नाही.

मॅचनंतर ते फाटकापाशी थांबले होते. कधी थांबायचे नाहीत, बसला गर्दी व्हायच्या आत निघायचे. मी जवळ गेलो. मला वाटलं होतं की किमान ते तरी म्हणतील, पोरा, बरं केलंस.

"ओरडलास ते बरोबर," बाबा म्हणाले. "पण बसलास का?"

मी सांगायला लागलो. कोचचा विश्वास, लोक काय म्हणतील, फोल्करला काय वाटेल. त्यांनी हात वर करून थांबवलं. श्वास जमवायला त्यांना वेळ लागला आणि मी तोपर्यंत तसाच उभा राहिलो.

"खाली एखादा ओरडला आणि त्याच्या जखमी सोबत्याला वर नेलं, तर त्याचं फावडं हाच उचलतो. कुणीतरी उचलायचं असतंच. तू नाही उचललंस. कशासाठी? लोकांनी तुला चांगलं म्हणावं म्हणून. बरं, म्हणतायत का?"

नव्हते म्हणत. बेकरीतली बाई मला सुट्टे पैसे हातात देण्याऐवजी काउंटरवर ठेवायला लागली होती. गावात असं पसरलं होतं की ग्राबिट्सने जळफळून चुगली केली, आणि कोचने बरोबर धडा शिकवला, पोस्टमनला खेळवलं. मी मेहनतीने स्वतःला स्वच्छ ठेवलं होतं आणि वर चिखल लागला तो लागलाच. पण बाबांचं बोलणं लागलं ते त्यामुळे नाही. ते खरं होतं म्हणून लागलं. फोल्करसाठी मी तोंड उघडलं होतं. बसलो होतो तो माझ्यासाठी.

सोमवारी मी डालहाउसकडे गेलो आणि म्हटलं, मला खेळायचंय. तो अगदी हसला नाही, एवढं त्याचं चांगुलपण. म्हणाला, जिंकणारा संघ मोडत नाहीत, ओटमार, हे तुला मी सांगायला हवं का? नको होतं. आमच्याकडे हा नियम बायबलच्याही आधीचा आहे. लोथार खेळत राहिला, आम्ही जिंकत राहिलो. पोस्टाने त्याला शनिवारची अर्धी सुट्टी दिली. फेरीवर असताना म्हाताऱ्या बाया त्याला केक द्यायच्या. मी बसत राहिलो, पण आता ते बसणं वेगळं होतं. आधी मला कुणी उठू देत नव्हतं, आता मीच मला बसवलं होतं, आणि त्याचा संताप संताप व्हायचा.

मे महिन्यात बाबांची गत वाईट झाली. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, शरद ऋतूपर्यंत टिकतील असं दिसत नाही. ते आता दारात खुर्ची टाकून बसायचे, बाजूला ऑक्सिजनची नळकांडी. दिवसभर तिथून जाणारा-येणारा म्हणजे लोथारच. तो टपाल द्यायला थांबायचा आणि दहा-दहा मिनिटं गप्पा मारायचा. काय बोलायचे मला माहीत नाही. मी लोथारला कधी काही सांगितलं नाही, मागणं तर सोडाच. त्याचे ते दिवस होते. चौतिसाव्या वर्षी चौदा हजार लोक त्याचं नाव घेत होते. ते कुणी कुणाकडे मागतं का?

हंगामाची शेवटची मॅच घरी होती. वरच्या डिव्हिजनमध्ये जाणं आठवडाभर आधीच पक्कं झालेलं. उन्हाचा दिवस, सगळं गाव आलेलं. रोझविता आली होती, आणि शेजारी फोल्कर, डोळ्यावर पट्टी बांधून. बाबांना त्यांच्या दोन जुन्या सोबत्यांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं, नेहमीच्या जागी. बाकासमोर. आम्ही दोन-शून्यने पुढे होतो. चौऱ्याऐंशीवं मिनिट. चेंडू आमच्या गोलपासून साठ मीटरवर.

आणि लोथार खाली बसला.

सावकाश बसला, जेवायला बसावं तसा. मग गुडघा धरला. मग आठवण झाल्यासारखी पोटरी धरली. मग पुन्हा गुडघा. रेफरीने शिट्टी वाजवली. डॉक्टर धावला. डालहाउस बाकावरून ताडकन उठला, याला काय झालं म्हणून विचारायला लागला.

मला दिसत होतं काय झालं. आयुष्यभर मी एकच काम शिकलोय, दुसऱ्या गोलकीपरचं अंग वाचायचं. पोटरीत गोळा आलेला माणूस अंगठा मागे ओढतो. लोथारने बुटाला हातसुद्धा लावला नव्हता. त्याला काडीचंही दुखत नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी याच कोचकडे जाऊन मी एका गोलकीपरचं खरं दुखणं सांगितलं होतं. आता कोच माझ्याकडे वळला आणि विचारलं, तुला काय वाटतं, जमेल त्याला?

"नाही जमणार," मी म्हटलं आणि जाकीट काढलं.

तो डॉक्टरच्या खांद्यावर टेकून बाहेर येत होता, लंगडत, तेही कधी या पायाने तर कधी त्या. रेषेवर आम्ही समोरासमोर आलो. घाम आलेला, आणि डोळे ओले. सोंग करणाऱ्या माणसाचे ते डोळे नव्हते. शेवटची सहा मिनिटं होती त्याची, आणि पुढच्या हंगामात कुठला पोस्टमन आणि कुठली पहिली डिव्हिजन.

"पळ की गधड्या," तो म्हणाला. "बघतायत ते."

मी पळालो. सहा मिनिटांत माझ्याकडे एकदाच चेंडू आला, तोही आमच्याच बॅकने मागे ढकललेला. तेव्हा तो हाताने उचलायला परवानगी असायची. मी उचलला. छातीशी धरला. सोडवेना हो मला तो. रेफरी ओरडला, मारा आता, मी मारला नाही. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा मारला, आणि कुठे गेला ते बघितलंही नाही. पलीकडे बाबा खुर्चीत ताठ बसले होते. टोपी काढली होती, पण पुसत नव्हते. मांडीवर धरली होती.

फोल्कर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गोलमध्ये उभा राहिला, मान सरळ. राष्ट्रीय संघ त्याला कधी मिळाला नाही, पण मोठ्या क्लबात नऊ वर्षं खेळला. हल्ली रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो, हवापाण्याचं विचारतो. त्यापलीकडे नाही. मीही मागत नाही. लोथारचं कुणाला कधीच कळलं नाही, मी आत्ता सांगतोय तेवढंच. तो जाऊन चार वर्षं झाली, म्हणून सांगतोय. बाबा त्या सप्टेंबरातच गेले.

पण त्या शेवटच्या मॅचनंतरच्या सोमवारची सकाळ सांगायची राहिली. मी आत कॉफी करत होतो. बाबा दारात खुर्चीवर. लोथार पिशवी खांद्याला लावून झपाझप चालत आला आणि त्यांच्या हातात दोन पाकिटं ठेवली.

"पाय कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"कुठला?" लोथार म्हणाला.

बाबांना हसू आलं आणि हसण्यातून खोकला आला, मोठा, थांबेचना. मी धावत बाहेर आलो तर लोथारने त्यांची पाठ धरली होती आणि बाबांनी त्याची बाही घट्ट पकडली होती. खोकला थांबल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. मला म्हणाले, कपाटातली बाटली आण, तीन ग्लास. सकाळचे आठ वाजले होते आणि लोथार गणवेशात होता. त्या दिवशी आमच्या गल्लीत टपाल उशिरा पोचलं, आणि कुणीही तक्रार केली नाही.